टीडीएस कापला त्यांनी, वसुली आली माझ्याकडे

प्राप्तिकर खात्यानं काढलेली मागणी चुकीची असली म्हणून ती आपोआप विरत नाही. ती पोर्टलवर बसून राहते, तिच्यावर दरमहा एक टक्का व्याज चढत राहतं आणि कधीतरी मार्च महिन्यात ती कुणाच्या तरी वसुलीच्या यादीत जाऊन पडते. आपण बरोबर आहोत हे सिद्ध करणं आणि वसुली थांबवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. दोन्हींचे अर्ज वेगळे आणि वेळापत्रकंही वेगळी. माझं प्रकरण २०१८ ला सुरू झालं आणि २०२४ च्या अखेरीस संपलं. त्यातला बराचसा काळ पहिलं काम चालू असताना दुसरं कसं सांभाळायचं यातच गेला.

मी इमारतींची स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज करून देते. माझ्या एकटीच्या नावावरची फर्म, हाताखाली एक मुलगा. २०१६-१७ या आर्थिक वर्षात एका बांधकाम कंपनीचं बरंच काम केलं. बिलं झाली ९ लाख ६० हजारांची. व्यावसायिक सेवांवर कलम १९४जे खाली दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो, तो त्यांनी कापला. म्हणजे ९६ हजार कापून उरलेले ८ लाख ६४ हजार माझ्या खात्यात जमा झाले. टीडीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, मागितला की त्यांचा अकाउंटंट म्हणायचा, "रिटर्न भरलं की देतो, मॅडम." लेजर कन्फर्मेशन, म्हणजे त्यांच्या खातेवहीतल्या माझ्या नोंदींचा दुजोरा, मात्र त्यानं सही-शिक्क्यासह दिलं होतं, आणि त्यात प्रत्येक बिलासमोर कापलेली रक्कम स्वच्छ लिहिली होती. पुढं या एका कागदानं मला तारलं. त्याच्याच आधारावर आमच्या सीएंनी विवरणपत्रात ९६ हजारांचं क्रेडिट घेतलं, म्हणजे तेवढा कर आधीच भरला गेल्याचं दाखवलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये कलम १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे विवरणपत्र तपासून खातं पाठवतं ती सूचना, मेलवर आली. हा कागद वाचायची एक पद्धत आहे. त्यात दोन रकाने असतात: एकात आपण भरलेले आकडे, दुसऱ्यात खात्याच्या संगणकानं काढलेले. वरपासून खालपर्यंत दोन्ही आकडे जोडीनं पाहत जायचं आणि ते जिथं फुटतात तिथं थांबायचं. माझे आकडे उत्पन्नात जुळत होते, करातही जुळत होते, टीडीएसच्या ओळीत फुटले. कंपनीनं कापलेले पैसे सरकारकडे भरलेच नव्हते, त्यामुळे माझ्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या २६एएस या विवरणात त्यांची एकही नोंद नव्हती. ९६ हजार गेले म्हटल्यावर आगाऊ कर भरला नाही असा हिशेब झाला आणि कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज लागलं. एकूण मागणी १,११,४१० रुपये. भरायला मुदत तीस दिवस.

इथं कायद्याची एक गंमत सांगायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. प्राप्तिकर कायदा, १९६१ चं कलम १९९ आणि त्याखालचा नियम ३७बीए म्हणतात, की टीडीएसचं क्रेडिट कापणाऱ्यानं खात्याला दिलेल्या माहितीवरून मिळेल. म्हणजे त्यानं माहिती दिली नाही तर संगणक क्रेडिट देणार नाही. पण त्याच कायद्याचं कलम २०५ म्हणतं, की जेवढा कर कापला गेला आहे तेवढ्यापुरती ज्याचा कापला त्याच्याकडे पुन्हा मागणी करता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये अशाच एका नोकरदाराच्या बाबतीत हे स्पष्ट केलं होतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानंही १ जून २०१५ च्या पत्रात आणि पुन्हा ११ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनात अधिकाऱ्यांना बजावलं आहे, की अशा मागणीची सक्तीनं वसुली करू नका. ही सगळी कलमं एकाच कायद्यात सुखानं नांदतात. मात्र पहिलं संगणकाला शिकवलेलं आहे आणि दुसरं माणसाला वाचून दाखवावं लागतं.

पोर्टलवर प्रलंबित मागणीला उत्तर द्यायची सोय असते. मागणी मान्य आहे, अंशतः मान्य आहे किंवा मान्य नाही, यातलं एक निवडून कारण द्यायचं. आम्ही 'मान्य नाही' निवडून लेजर जोडलं. सीएंचं म्हणणं होतं, की पैसे भरणार नसलो तरी उत्तर द्यायलाच हवं, गप्प बसणं म्हणजे मागणी मान्य असल्याचं गृहीत धरलं जातं. सोबत कलम १५४ खाली ऑनलाइन रेक्टिफिकेशनही (चूक दुरुस्तीचा अर्ज) टाकलं. ते फिरून त्याच आकड्यावर आलं. संगणकानं पुन्हा २६एएस पाहिलं, तिथं पुन्हा काही नव्हतं, विषय संपला. जानेवारी २०१९ मध्ये पुढच्या वर्षाचा सुमारे तीस हजारांचा रिफंड कलम २४५ खाली या मागणीत वळता झाला. त्याची आगाऊ सूचना आली होती, आम्ही हरकतही घेतली होती, तरी झाला.

दरम्यान कंपनीकडे तगादा चालू होता. आधी अकाउंटंट बदलला, मग फोन उचलेनासे झाले. रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं पत्र 'कार्यालय बंद' असा शेरा घेऊन परत आलं. तो लिफाफा मी तसाच, न फोडता ठेवला. पुढं कळलं, की कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आहे. खात्याच्या टीडीएस विभागाकडे कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि सगळा तपशील देऊन लेखी तक्रार केली. खात्याच्या हातात कापणाऱ्याविरुद्ध माझ्याहून कितीतरी मोठी हत्यारं आहेत. कापलेला कर न भरणारा कलम २०१ खाली कसूरदार ठरतो, त्याला दरमहा दीड टक्का व्याज लागतं आणि कलम २७६बी खाली तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरीची तरतूद तेव्हा होती. पण दिवाळखोर कंपनीच्या मागं लागण्यापेक्षा चालत्या धंद्याच्या खात्यातून पैसे काढणं सोपं असतं, हे सांगायला कलम लागत नाही.

मार्च २०२२. सकाळी प्लॉटरच्या कागदाचे पैसे फोनवरून द्यायला गेले तर व्यवहार होईना. दुसऱ्यांदाही होईना. शाखेत गेले. मॅनेजरांनी खुर्ची दिली, दार लोटलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कलम २२६(३) ची नोटीस होती: या पॅनधारकाची जी काही रक्कम तुमच्याकडे आहे ती मागणीच्या मर्यादेत आमच्याकडे भरा. जमा झालेल्या व्याजासकट आकडा सव्वा लाखाच्या आसपास गेला होता. मी म्हटलं, "साहेब, हा कर माझा कापला गेलाय आधीच." ते म्हणाले, "असेल हो मॅडम. पण आम्ही नाही भरले तर आम्हीच डिफॉल्टर ठरतो." ते खरंच होतं. नोटीस पाळली नाही तर बँकेलाच कसूरदार धरण्याची तरतूद त्याच कलमात आहे. त्यांच्याशी भांडून काही हाती लागणार नव्हतं.

तरी शाखेतून दोन गोष्टी करून निघाले. एक, नोटिशीवरचा डीआयएन क्रमांक टिपून घेतला. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर हा क्रमांक असावा लागतो आणि तो पोर्टलवर टाकून नोटीस खरी आहे का ते कुणालाही पाहता येतं. (खोट्या नोटिशींचे फोन हल्ली इतके येतात, की घाबरण्याआधी हे करावं.) दुसरी गोष्ट आईची. बँकेनं माझ्या चालू खात्यासोबत आईचं आणि माझं संयुक्त बचत खातंही पूर्ण गोठवलं होतं. आईची पेन्शन त्यात येते. संयुक्त खात्यात प्रत्येकाचा वाटा, उलट सिद्ध होईपर्यंत, सारखा धरायचा असं तेच कलम सांगतं. म्हणजे त्या नोटिशीवर फार तर निम्मी रक्कम अडवता येते. मॅनेजरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी त्यांच्या विधी विभागाला फोन लावला आणि दुपारपर्यंत निम्मं खातं मोकळं झालं. आईनं मात्र घरी आल्यावर एवढंच विचारलं, "आपण काही बुडवलंय का गं?" करबुडवी ही शिवी आमच्या घरात त्याआधी कधी आली नव्हती.

नोटिशीची प्रत करदात्यालाही पाठवायची असते. ती पाठवली होती, पण मी सोडलेल्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर. पोर्टलवर नवा पत्ता नोंदलेला होता.

सीएंनी फाइल उघडली आणि सगळ्यात आधी कॅलेंडर पाहिलं. रेक्टिफिकेशनची मुदत मूळ आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला त्या वर्षाअखेरपासून चार वर्षं असते. इंटिमेशन फेब्रुवारी २०१८ ची, म्हणजे वर्ष २०१७-१८. मुदत संपणार होती ३१ मार्च २०२२ ला. ऑनलाइन अर्ज संगणकाकडे जाऊन उपयोग नव्हता, आता तो आमच्या हद्दीतल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे, माणसाच्या हातात द्यायचा होता. मी एकच सविस्तर अर्ज लिहिला होता. सीएंनी तो बाजूला सारला. "मॅडम, एका अर्जात दोन मागण्या लिहू नका. एकीवर शेरा मारतात नि दुसरी तशीच राहते." मग दोन अर्ज झाले. पहिला कलम १५४ खाली क्रेडिट द्या म्हणून, दुसरा कलम २०५ आणि मंडळाची दोन्ही पत्रं जोडून बँकेवरची नोटीस मागं घ्या म्हणून. दोन्हींना तेच पुरावे: बिलं, बँकेचा उतारा, लेजर कन्फर्मेशन, तो परत आलेला लिफाफा, टीडीएस विभागाकडच्या तक्रारीची पोच. बँकेच्या उताऱ्यात प्रत्येक जमा रकमेसमोर पेन्सिलनं बिलाचा क्रमांक आणि दहा टक्क्यांचा हिशेब लिहून ठेवला. अधिकाऱ्याला आकडेमोड करायला लावायची नाही, एवढी अक्कल ड्रॉइंगच्या धंद्यानं दिली आहे.

मार्चमधल्या प्राप्तिकर कार्यालयात बाकांवर बसायला जागा नसते. माझ्या शेजारी एक हार्डवेअरवाले काका होते. त्यांचं प्रकरण माझ्यासारखं नव्हतं. त्यांची थकबाकी खरीच होती, धंदा बसल्यामुळे राहिलेली, आणि ती आता टीआरओकडे, म्हणजे कर वसुली अधिकाऱ्याकडे गेली होती. तिथली पायरी वेगळी. कलम २२२ खाली वसुलीचा दाखला निघतो, मग पंधरा दिवसांत भरा अशी नोटीस येते आणि नाही भरलं तर जंगम, स्थावर, सगळ्यावर जप्ती आणि लिलावापर्यंत जाता येतं. नोटीस बजावल्यानंतर मालमत्ता परस्पर विकायचीही सोय राहत नाही. काका फ्लॅट विकून पैसे भरायच्या विचारात होते, आणि आता त्यालाच परवानगी लागणार होती. ते मला म्हणाले, "हप्ते बांधून घ्यायचे होते हो सुरुवातीला. तेव्हा कुणी बोललंच नाही." हे खरं आहे. कलम २२०(३) खाली हप्ते किंवा मुदतवाढ मागता येते, पण तो अर्ज मूळ तीस दिवसांच्या आत करायचा असतो. व्याज माफ करून घ्यायलाही कलम २२०(२अ) आहे. खरी अडचण होती, कसूर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाली आणि चौकशीत सहकार्य केलं, या तिन्ही गोष्टी त्यासाठी दाखवाव्या लागतात. आणि कर खरंच देणं असेल तर चलन भरताना मायनर हेड ४००, म्हणजे नियमित आकारणीचा कर, निवडायला विसरू नये. दुसऱ्या हेडखाली पैसे भरले तर ते सरकारजमा होतात आणि मागणी जिथल्या तिथं राहते.

माझा नंबर आला. अधिकारी मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी लेजर पाहिलं, उताऱ्यावरच्या पेन्सिलच्या खुणांवर बोट फिरवत गेल्या, तिसऱ्या पानावर थांबल्या. म्हणाल्या, "तुमचे पैसे कापले गेलेत हे दिसतंय. पण मी क्रेडिट दिलं तरी सिस्टीम ते उचलणार नाही, २६एएसमध्ये नोंद नाहीये." मी म्हटलं, "क्रेडिटचं तुम्ही सावकाश ठरवा. वसुली मात्र २०५ मुळे थांबायला हवी." त्यांनी मंडळाचं २०१६ चं ज्ञापन पूर्ण वाचलं. वाचताना मधेच इन्स्पेक्टरना हाक मारून विचारलं, "बँकेनं पैसे पाठवले का?" नव्हते पाठवले. बारनिशीत दोन्ही अर्जांवर वेगवेगळा शिक्का घेतला, तारखेसह. मुदत संपायच्या आत.

एप्रिलमध्ये बँकेला नोटीस मागं घेतल्याचं पत्र गेलं आणि खातं सुटलं. तोवर कर्जाचा एक हप्ता परत गेला होता, त्याचा दंड भरला, आणि हाताखालच्या मुलाचा पगार मी मैत्रिणीकडून उसने घेऊन दिला. हे नुकसान कुठल्याच कलमात बसत नाही.

रेक्टिफिकेशनचा आदेश नंतर आला. क्रेडिट नाकारलं होतं, कारण नियम ३७बीए. पण सक्तीची वसुली करू नये असंही त्यात नोंदवलं होतं. अर्धा विजय, असं सीए म्हणाले. मला तो पाव वाटला, कारण मागणी पोर्टलवर तशीच होती, व्याजही चालूच होतं आणि पुढचे रिफंड अडकणारच होते. तीस दिवसांच्या आत फॉर्म ३५ भरून आयुक्तांकडे अपील केलं. उत्पन्न दोन लाखांच्या वर असेल तर फी एक हजार रुपये. अपिलं आता चेहराविरहित झाली आहेत, सगळं पोर्टलवरून चालतं, समोर कुणी नसतं. मला ते बरं वाटलं होतं, पण पेन्सिलच्या खुणांवर बोट फिरवणारं कुणी नाही म्हटल्यावर सगळं लिहून समजवावं लागलं. उतारा आणि बिलं यांचा एक तक्ता करून जोडला.

अपील केलं म्हणजे वसुली थांबते असा एक गैरसमज सार्वत्रिक आहे. थांबत नाही. कलम २२०(६) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या ज्ञापनाप्रमाणे सर्वसाधारणपणे वादग्रस्त मागणीच्या वीस टक्के भरल्यावर स्थगिती मिळते. आधी हे प्रमाण पंधरा टक्के होतं. माझ्या हातात आधीच 'सक्ती नको' असा लेखी शेरा होता म्हणून ते वीस टक्के वाचले. नसता तर भरावे लागले असते, किंवा कमी करून घेण्यासाठी भांडावं लागलं असतं.

२०२३ मध्ये पुन्हा कलम २४५ ची सूचना आली. या वेळी उत्तर द्यायला एकवीस दिवस होते. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाचा एक निकाल आमच्या हाती लागला होता: कापलेला पण न भरलेला टीडीएस पुढच्या रिफंडातून वळता करणं हीसुद्धा आडमार्गानं केलेली वसुलीच आहे आणि कलम २०५ तिलाही लागू होतं. तो उत्तराला जोडला, अपिलातही जोडला. रिफंड वळता झाला नाही. निकालामुळे झाला नाही की आणखी कशामुळे, ते पोर्टल सांगत नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या किरकोळ मागण्या माफ झाल्या, तेव्हा ओळखीच्या निम्म्या लोकांनी माझं अभिनंदन केलं. २००९-१० पर्यंतच्या वर्षांसाठी पंचवीस हजारांपर्यंत आणि २०१०-११ ते २०१४-१५ साठी दहा हजारांपर्यंत अशी ती माफी होती. माझं वर्ष २०१६-१७ आणि रक्कम त्याच्या कितीतरी पट. मी प्रत्येकाला हे समजावत बसले नाही.

अपिलाचा आदेश त्याच वर्षी उत्तरार्धात आला. कर कापला गेल्याची पडताळणी करून कलम २०५ प्रमाणे मागणी रद्द करावी आणि वळता केलेला रिफंड परत द्यावा, असा. आदेश हातात आला तरी त्याची अंमलबजावणी पुन्हा आमच्या हद्दीतल्या अधिकाऱ्यांनीच करायची असते. मॅडमची बदली झाली होती. नव्या साहेबांना पुन्हा सगळी फाइल दिली, पुन्हा पोच घेतली. पोर्टलवरची मागणी शून्यावर आली तो स्क्रीनशॉट सीएंनी मला रात्री साडेदहाला पाठवला.

तीस हजारांचा रिफंड लगेच आला नाही. मी नोंदवलेल्या खात्याची बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, आयएफएससी बदललेला, म्हणून पैसे परत गेले. खातं पोर्टलवर नव्यानं प्रमाणित करून रिफंड पुन्हा काढायची विनंती केली, मग आले. सोबत कलम २४४अ चं व्याज, दरमहा अर्धा टक्का. प्राप्तिकर खातं माझ्याकडून मागत होतं ते एक टक्का. त्या व्याजावर कर लागतो, तेव्हा ते पुढच्या विवरणपत्रात 'इतर उत्पन्ना'खाली दाखवलं. वर दिलेली कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा नव्या वर्षाच्या अर्जात जुने आकडे उतरवू नका.